सासऱ्यांचं मोठं काळीज

काय कपाळ सांगू, माझ्या मराठीपायी माझे सासरे हातचे जाणार होते!

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मैसूरचे मराठी. घरी मराठीच बोलतो, पण त्यातलं निम्मं कन्नड. ‘हृदय’ वगैरे शब्द आमच्या घरात शिरलेच नव्हते. आम्ही काळीज म्हणतो. सासरे, म्हणजे मामा, पक्के साताऱ्याचे. आमच्याकडे राहायला आले आणि त्यांना धाप लागायला लागली. मैसूरातल्याच हेब्बाळ भागातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर कन्नडमध्ये बोलणारे, तेव्हा दुभाष्या मी.

डॉक्टरांनी नीट समजावलं. वाढलेल्या रक्तदाबाचं ओझं ओढून ओढून हृदयाच्या पेशी जाड झाल्यात. अजून निभावून नेतायत, पण ओझं उतरलं नाही तर थकतील आणि मग मरायला लागतील. गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

मी मामांना म्हणालो, "तुमचं काळीज दोड्ड झालंय म्हणतात. मोठं हो. खूप सोसलंत, त्यानं वाढलं."

मामा ताठ बसले. "डॉक्टर हुशार दिसतोय."

"मत्ते, आणखी म्हणजे, ही गोळी रोज घ्यायची."

"कशाला?"

"काळीज परत लहान करायला."

"जमणार नाही. जन्म गेला ते मोठं करण्यात."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा कसली? त्यांनी साताऱ्याला फोन करून सगळ्या भावकीला ही बातमी दिली. रविवारी तलकाडला देवदर्शनाला गेलो. तिथं देवळाकडची वाट सगळी वाळूची, आणि त्या वाळूत मामा सगळ्यांच्या पुढे. अर्ध्या वाटेत मटकन खाली बसले. ओठ काळेनिळे, श्वास पुरेना.

माझी बायको सुनंदा धावली. "बाबा, गोळी घेतली होती ना?"

"एवढ्या काळजाला गोळी कशाला? जावईबापूंनीच सांगितलं, मोठं झालंय म्हणून."

सुनंदा माझ्याकडे वळली. "अहो, हृदय सुजलंय असं नाही का सांगायचं?"

तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. थोडक्यात वाचले. चार दिवसांनी घरी आले, मुकाट्यानं गोळी गिळली आणि मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, दवाखान्यात कळलं, ओझं पडलं की पेशी वाढतात. आणि एखादा भाग वापरलाच नाही तर?"

आपल्याला येतंय ते विचारलं म्हणून मी खूश. "मग पेशी आकसतात, मामा. तो भाग लहान लहान होत जातो."

मामांनी माझ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुम्हाला टोपी कुठल्या मापाची लागते?"