आबांनी न दिलेली चिठ्ठी

सैन्यभरतीत माझी मुलगी पहिल्या खेपेला धावण्यात मागे पडली, तेव्हा तिला न सांगता मी आबांकडे शिफारशीची चिठ्ठी मागायला गेलो. आबा आमच्या असोद्याचेच. आधी फौजेत होते, पुढे मंत्री झाले. पद जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या शब्दाला अजून वजन होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून केळीच्या दोन फण्याही नेल्या.

आबा ओट्यावर बसून चपलेला टाका घालत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि कुडत्याच्या गुंड्या सोडून त्यांनी उजवा खांदा उघडा केला.

"पाह्य बरं, हा खांदा डाव्याच्या बरोबरीत हाये का?"

होता. मला काही उमजेना.

मग त्यांनी सांगितलं. वडील गेले तशी शाळा सुटली आणि ते स्टेशनावर केळीचे घड वॅगनीत भरायला लागले. प्रत्येक घड उजव्या खांद्यावर. मुकादम नावानं हाक मारत नसे, नुसतं 'ए पोऱ्या'. अठराव्या वर्षी भरतीला गेले, तर उजवा खांदा उतरलाय म्हणून डॉक्टरनं परत पाठवलं.

"खिशात पाटलाची चिठ्ठी व्हती," आबा म्हणाले. "चिठ्ठीनं खांदा काही वर आला नही."

त्यानंतर वर्षभर त्यांनी एकूण एक घड डाव्या खांद्यावर वाहिला. तोल जायचा, मुकादम शिव्या घालायचा, बाकीचे हमाल हसायचे. पुढच्या भरतीत त्याच डॉक्टरनं दोन्ही खांदे दाबून पाहिले आणि कागदावर शिक्का मारला.

"पलटनीत पहिल्याच दिवशी हवालदारानं पूर्न नाव घेतलं. मले वाटलं, दुसऱ्या कोनाले बोलावतो." आबांनी कुडत्याच्या गुंड्या लावल्या. "तुझ्या पोरीले तिच्या नावानं घेऊ दे. माझ्या नावानं नको."

आबांच्या सभांना टाळ्या वाजवून हात लाल केलेला माणूस मी. आमच्याकडचे पुढारी मतं मागताना बापाचं फाटकं धोतरसुद्धा बाहेर काढतात. यांनी हा खांदा जन्मभर कुडत्याखाली झाकून ठेवला होता. फण्या तिथंच विसरून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मुलगी धावायचा सराव करायची त्या गावाबाहेरच्या रस्त्यावर आबा काठी टेकत हजर, हातात घड्याळ. मी चिठ्ठीसाठी गेलो होतो हे मुलीला तिथंच कळलं. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. आबा मात्र रोज यायचे. शाबासकी द्यायचे नाहीत, नुसती वेळ सांगायचे. त्या वयात, थंडीतसुद्धा, त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

पुढच्या भरतीत तिची निवड झाली. निघायच्या दिवशी आबांनी तिच्या हातात बंद पाकीट ठेवलं.

"आता याचा काही उपेग नही, म्हनून देतो."

बसमध्ये बसल्यावर तिनं ते फोडलं, वाचलं आणि खिडकीतून माझ्याकडे दिलं. शिक्का नव्हता, माजी मंत्री वगैरे काही नव्हतं. वर तिचं पूर्ण नाव आणि खाली एकच ओळ: 'हिला मी रोज धावताना पाहिलं आहे.'

बस सुरू झाली. मुलगी हात बाहेर काढून चिठ्ठी परत मागत होती आणि माझ्याच्यानं ती सोडवत नव्हती.