चौथ्या मजल्यावरची तनया

सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या आमच्या मराठी मंडळींत कुणाकडेही जेवायला जमलो की ताटं मांडेपर्यंत तनयाचा विषय निघतोच. मग सगळे माझ्याकडे बघतात. तनया ही माझ्या मित्राची, मिलिंदची मुलगी. मेलबर्नच्या एका क्लबात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळते, म्हणजे तीच तिची नोकरी. तिच्या सुरुवातीच्या दिवसांचे किस्से तिच्या बापापेक्षा माझ्याकडे जास्त आहेत. मंडळींना वाटतं, मला तिचं फार कौतुक आहे. तसं नाही. आपल्याला ज्याचा हेवा वाटतो, त्याच्याकडे आपण फार बारकाईने बघतो. माझ्याकडे बारा वर्षांचा साठा झालाय.

*

मुळात हा खेळ माझ्या मुलीचा, रेवाचा. शाळेतल्या एका ऑस्ट्रेलियन मैत्रिणीमुळे ती अकराव्या वर्षी शनिवारी सकाळी मैदानावर जायला लागली. लंबगोल बॉल, हाताने झेलायचा, पायाने मारायचा, आणि ज्याच्याकडे बॉल आहे त्याच्या अंगावर धावून जायचं. रेवाला एकटीला जायची भीती वाटायची. म्हणून मीच आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर मिलिंदकडे गेलो आणि म्हटलं, तुझ्या तनयाला पाठव जरा सोबतीला. मिलिंद मूळचा नागपूरचा, इथे मटेरियल्सच्या लॅबमध्ये संशोधक. त्याने खेळाचं नाव दोनदा विचारलं आणि हो म्हणाला.

पहिल्या दिवशी तनयाला बॉल कुठे उसळतोय तेच कळत नव्हतं. ती नुसती त्याच्या मागे पळत होती. मी शेडमध्ये बसून हसत होतो, हेही सांगून टाकतो.

चौथ्या शनिवारी कोच माझ्याकडे आले. मला वाटलं, रेवाबद्दल काहीतरी बोलणार. त्यांना मिलिंदचा फोन नंबर हवा होता. मी दिला. देताना एक आकडा चुकवावा असं मनात आलं होतं.

*

सिंगापूरमध्ये वीज जवळ आली की मैदानावरचा भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी छपराखाली जायचं असतं. कधी कधी तासभर तिथेच अडकून पडतो. एकदा असंच सगळ्या मुली डबे उघडून बसल्या आणि तनया मात्र एका खांबासमोर उभी राहून मुठीने बॉल मारत होती; या खेळात पास असाच देतात. उजव्या हाताने पन्नास, डाव्याने पन्नास. पुन्हा उजव्याने.

माझी तगमग सुरू झाली. रेवा पाय पसरून चिकन राइस खात होती. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, बघ ती कशी मेहनत करतेय, तूही जा.

रेवाने वर बघितलं आणि इथल्या पोरांच्या सिंगापुरी ढंगात शांतपणे सांगितलं, "बाबा, तिला ते आवडतं. मला चिकन राइस आवडतो लाह."

*

आता जरा अवघड किस्सा. हा मी जेवणावळीत सांगत नाही.

मुली पंधरा वर्षांच्या असताना ऑस्ट्रेलियात डार्विनला एक कँप होता. आमच्या गटातून एकाच मुलीला पाठवणार होते, त्यासाठी आधी निवड चाचणी. पालकांना मेल पाठवायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळ्यांना मेल पुढे पाठवला. मिलिंदला पाठवायचा राहिला. राहिला म्हणजे, मी कर्सर त्याच्या नावावर नेला आणि लॅपटॉप बंद केला. ऑफिसात त्या आठवड्यात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, चांगी बिझनेस पार्कमधून घरी यायलाच आठ वाजायचे, असं मी स्वतःला समजावलं. दोन दिवस लिफ्टमध्ये मिलिंद भेटला की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो.

तिसऱ्या दिवशी रेवाने होमवर्क प्रिंट करायला माझा लॅपटॉप उघडला आणि पाचव्या मिनिटाला जिन्याने चौथ्या मजल्यावर पळत गेली.

निवड तनयाची झाली. त्या रात्री जेवताना बायकोने विचारलं, मिलिंदना मेल कसा नाही मिळाला? मी म्हटलं, स्पॅममध्ये गेला असेल.

"तुमच्या इनबॉक्समध्ये होता. वाचलेला," रेवा म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

*

अठराव्या वर्षी तनयाला मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. शिकता शिकता तिथल्या स्थानिक लीगमध्ये खेळायचं, कुणाच्या नजरेत भरलं तर मोठ्या क्लबात. नाही भरलं तर काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. मिलिंद आणि त्याची बायको वैशाली रविवारी सकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, आम्हाला या खेळातलं काही कळत नाही, तू इतकी वर्षं बघतोयस, तूच सांग.

मी सांगितलं. दीड तास सांगितलं. हाडं मोडतात. डोक्याला मार बसतो. तिथल्या मुली चालायला लागल्यापासून हे खेळतात. इथे इंजिनिअरिंगची सीट हातात आहे, ती सोडू नये. सगळं खरं होतं. म्हणूनच तर ते इतकं जोरात सांगता आलं. मिलिंद वहीत लिहून घेत होता.

महिन्याभराने आम्ही सगळे तिला एअरपोर्टवर सोडायला गेलो. तिथे मिलिंद सगळ्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, "यांनी सगळे धोके नीट समजावून दिले, म्हणून निर्धास्त पाठवतोय."

*

तीन वर्षांनी मोठ्या क्लबने तिला करारावर घेतलं. पहिली मॅच आम्ही मिलिंदच्या घरी टीव्हीवर बघितली. सोफ्यावर जागा नाही म्हणून निम्मे लोक जमिनीवर. तनयाच्या हातात चारदा बॉल आला, त्यांपैकी दोनदा सुटला. मी मोजत होतो. घरी येताना मला जरा हलकं वाटत होतं.

तिसऱ्या मॅचमध्ये ती उडी मारून खाली आली आणि तिचा गुडघा आत वळला. कुणी धक्कासुद्धा दिला नव्हता. ती गवतावर आडवी पडली आणि हाताने जमीन बडवत राहिली.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, सुटलो. आता संपलं सगळं. तेवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी घट्ट आवळलं गेलं. मिलिंदने माझा हात धरला होता. स्ट्रेचर मैदानाबाहेर जाईपर्यंत त्याने तो सोडला नाही.

*

ऑपरेशन झालं. वैशालीला आठवड्याचीच रजा होती. त्यानंतर रेवा गेली. तिची पहिली नोकरी लागून चारच महिने झाले होते. बिनपगारी रजा टाकून ती तीन आठवडे मेलबर्नला राहिली, तनयाला आंघोळ घालायची, बर्फाच्या पिशव्या बदलायची, रोज थोडं थोडं चालवायची.

ती परत आल्यावर आम्ही दोघं पुंगोलच्या पाण्याकाठी चालायला गेलो होतो. मी बऱ्याच दिवसांचं विचारून टाकलं. म्हटलं, हा खेळ तुझा. तू तिला नेलंस. तुला कधीच तिचा हेवा वाटला नाही?

रेवा म्हणाली, "बाबा, घरात तुम्ही होतात ना करायला. मला करावाच लागला नाही."

मी चालत राहिलो. दुसरं काय करणार?

*

वर्षभराने तनया पुन्हा मैदानावर उतरली. या मॅचला मेलबर्नला जायचं असं मिलिंदने ठरवलं. वैशालीची ऑफिसातून सुटका होईना, म्हणून त्याने मला चल म्हटलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून गेलो.

ऑगस्टचा महिना, तिथे कडक थंडी. मी स्वेटरवर स्वेटर घालून बसलेलो. शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजी, गुडघ्यांवर ब्लँकेट, गळ्यात क्लबचा मफलर. मिलिंद इतका घाबरला होता की त्याला बघवेना. तिसऱ्या भागात तो चहा आणि चिप्स आणायच्या निमित्ताने उठून गेला.

आणि नेमकं तेव्हाच ते झालं. लांबून बॉल उंच आला. खाली तिघी होत्या. तनया मागून धावत आली, त्यांच्या खांद्यांच्याही वर गेली आणि तिने तो दोन्ही हातांनी झेलला. खाली उतरली ती त्याच गुडघ्यावर. उभी राहिली. झेलाची मोकळी किक घ्यायला चार पावलं मागे गेली, पळत आली, किक मारली. बॉल मधल्या दोन उंच खांबांतून सरळ आरपार. मोठ्या क्लबातला तिचा पहिला गोल. संघातल्या सगळ्या मुली चारी बाजूंनी तिच्यावर येऊन पडल्या.

मी उभा होतो. कधी उठलो, माहीत नाही. मराठीत ओरडत होतो, आणि नाक-डोळे दोन्ही वाहत होते.

आजींनी माझ्या बाहीला हात लावून विचारलं, "तुमची मुलगी का?"

मी म्हटलं, "हो."

मग मला थांबताच येईना. ती लहानपणी कशी होती, दात पडल्यावर कशी दिसायची, ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाय टेकवताना किती रडली, सगळं सांगत सुटलो. आजी मान डोलावत ऐकत होत्या. त्यांचेही डोळे भरून आले होते.

मिलिंद परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत चहा होता आणि काखेत चिप्सची पिशवी. त्याला वाट देण्यासाठी आजींनी पाय आखडते घेतले आणि माझ्याकडे बघत कौतुकाने त्याला सांगितलं, "आत्ता गोल मारला ना, ती यांची मुलगी."

मिलिंदने आधी मैदानाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान वर केली नाही.

त्याने एक चहा माझ्या हातात दिला, शेजारी बसला, आणि आजींना म्हणाला, "हो, मी ओळखतो तिला. फार गुणी मुलगी आहे."