बिनहातांच्या खुर्च्या

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडलो नाही. पण तो आपल्यासारख्याच्या रोजच्या कामात लक्ष घालत असेल, हे मला तेव्हा पटत नसे. परीक्षेला मी बसलो, अभ्यास मी केला, मग पेढे देवापुढे आधी कशाला, असं मी आईला तोंडावर विचारलं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील रेल्वेत गँगमन, आयुष्यभर कासारवाडी ते तळेगाव रुळांची खडी सारखी करत राहिलेले. त्यांच्या मुलाच्या नावापुढे बी.ए. लागलं, याची मिजास मला होती आणि ती मी कधी लपवली नाही. आजही मला तिची लाज वाटत नाही. फक्त एके दिवशी ती अगदीच कामाला आली नाही, त्या दिवसाची ही हकीकत आहे.

बी.ए. झाल्यावर मला नोकरी लागली ती मुंबईच्या एका विलायती वाद्यवृंदाच्या कचेरीत. पन्नासएक वादक एकत्र बसून वाजवतात, काळे कोट, पुढे काठी घेऊन उभा असलेला संचालक, एवढं लोकांना दिसतं. त्याआधी कुणीतरी ट्रकातून मोठाली व्हायोलिनं गादीला टेकवून आणलेली असतात. नगाऱ्यांची कातडी दमट हवेत सैल पडतात, म्हणून ती उन्हाच्या बाजूला नेऊन ठेवलेली असतात. प्रत्येकाच्या पुढचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले असतात, आणि कुणाच्या डोळ्यांत दिवा येत नाही ना, हे प्रत्येक खुर्चीवर एकेकदा बसून पाहिलेलं असतं. हे सगळं करणारा माणूस म्हणजे मी. सुट्टीत चिंचवडला घरी आलो की वडील विचारत, "मुंबईला काय करतोस रं दिसभर?" मी म्हणे, "खुर्च्या मांडतो." त्यावर ते शांतपणे तंबाखू मळत म्हणत, "अन् त्याला बी.ए. लागतं व्हय?" आई पदराआड हसे. मला ते झोंबे.

तेव्हा पिंपरीच्या माळावर एक नवा कारखाना उभा राहिला होता. तिथल्या साहेबलोकांनी निरोप धाडला की तुमचा वृंद पुण्याला जातोच आहे, तर वाटेत एक संध्याकाळ आमच्या मालाच्या नव्या शेडमध्ये वाजवा, कामगारांनाही ऐकू द्या. आमचे मॅनेजर गोव्याकडचे, मनाने मऊ पण बोलायला करडे. ते म्हणाले, "माळावर, शेडमध्ये? तिथे आपलं कोण आहे?" मी म्हणालो, "मी आहे. माझं गाव तिथून सायकलच्या अंतरावर आहे. सगळं माझ्यावर सोडा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोडलं. पण काही कमी पडलं, तर वृंद न वाजवता पुण्याला जाईल आणि तू मुंबईला परत येण्याची तसदी घेऊ नकोस." मी हसून होकार दिला. इतकंच नाही, तर घरी कळवून सगळ्या आळीला आमंत्रण देऊन टाकलं. आपला मुलगा नक्की काय करतो, ते वडिलांना एकदा डोळ्यांनी दिसावं, हा त्यातला खरा डाव.

वैशाखातला दिवस होता. वृंदाच्या ट्रकाबरोबर सकाळी शेडवर पोचलो आणि आत पाऊल टाकलं. मांडवासारखं उंच छप्पर, शेणाने नाही तर चक्क पाण्याने धुतलेली फरशी, झेंडूच्या माळा, आणि त्या सगळ्याच्या मध्ये ओळीने मांडलेल्या सागवानी, गादीच्या, रुंद हातांच्या खुर्च्या. व्हायोलिन वाजवणाऱ्याचा उजवा कोपर सारखा खालीवर होतो. मोठी वाद्यं गुडघ्यांत धरणाऱ्याला तर दोन्ही बाजूंनी मोकळं लागतं. खुर्चीला हात असला की तारांवर फिरणारा गज अडलाच. मी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, बिनहातांच्या खुर्च्या. कारखान्याचे व्यवस्था पाहणारे साहेब मात्र मोठ्या अभिमानाने पुढे आले.

"पत्र वाचलं हो तुमचं," ते म्हणाले. "भिडेखातर स्वस्तातलं मागितलंत, कळलं मला. पण एवढे मोठे पाहुणे, त्यांना काय हात नसलेल्या खुर्च्या द्यायच्या? क्लबातल्या काढून आणल्या. बसून तर बघा, लोण्यासारख्या आहेत."

त्या माणसावर रागवायचं तरी कसं? त्याने आम्हाला मानच दिला होता. फुंकायची वाद्यं वाजवणारे त्या खुर्च्यांत बसले असते, पण गजाची वाद्यं वाजवणारे तीस-पस्तीस जण बसणार कुठे? कँटीनमध्ये लांब बाकं होती, त्यांच्यावर दाटीने बसले तर एकाचा गज दुसऱ्याच्या कानात. प्रयोगशाळेतली स्टुलं इतकी उंच की बसणाऱ्याचे पाय लोंबकळत. तिथला सुतार कानावर पेन्सिल खोचून बराच वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "करवत लावू का? चहा होईस्तोवर सगळे हात उतरवतो." साहेब दोन्ही हात पसरून खुर्च्यांच्या पुढे उभे राहिले. पुण्याला टेलिफोन केले तर प्रत्येक मांडववाल्याचं उत्तर एकच, लग्नाची दाट तिथी आहे, एक खुर्ची शिल्लक नाही. मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "चारपर्यंत वाट बघतो. मग ट्रक भरायला घे."

कुणाची तरी सायकल घेऊन मी बाहेर पडलो. शाळेत गेलो, बाकं. स्टेशनात गेलो, बाकं. आमच्याकडच्या घरांत तेव्हा खुर्ची असलीच तर एक, तीही जावयासाठी. दुपार कलायला लागली तसा माझ्या डोक्यातला एकेक दिवा विझत गेला. घरी जावंसं वाटेना. वडील धुतलेला फेटा उन्हात घालून बसले असतील, त्यांना काय सांगायचं? न ठरवताच सायकल नदीकडे वळली आणि मी आमच्या गणपतीच्या देवळाच्या घाटावर जाऊन बसलो. कॉलेजात गेल्यापासून तिथे आलो नव्हतो. पवनेला पाणी कमी होतं, दगड तापलेले होते. नवस बोलायची माझी सवय नाही आणि त्या वेळीही बोललो नाही. घासाघीस करण्यासारखं माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. मी एवढंच म्हणालो, तेही मनात नाही, चांगलं ऐकू येईल असं: "मला आता काही सुचत नाही. तू बघ."

असं म्हटल्यावर काही चमत्कार घडला, असं मी सांगणार नाही. मनातला कालवा मात्र थांबला. इतका वेळ मी माझ्याच विचारांचा आवाज ऐकत होतो. तो थांबल्यावर मला वाजंत्री ऐकू आली. ती अर्थातच आधीपासून वाजत असणार. मघाशी मी त्या लग्नाच्या मांडवावरूनच सायकल दामटत गेलो होतो. सकाळपासून लग्नांच्या नावाने बोटं मोडत होतो, कारण गावोगावच्या खुर्च्या लग्नांनी अडवल्या होत्या. पण अडवलेली वस्तू कुठेतरी असते, ती नाहीशी झालेली नसते, हे बी.ए. झालेल्या माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी उठलो.

लग्न शेजारच्या आळीतल्या तात्यांच्या मुलीचं होतं. वऱ्हाड दिघीचं. नुकत्याच अक्षता पडल्या होत्या, मांडवात तांदूळ विखुरलेले होते आणि पलीकडे पंगतीची तयारी चालली होती. मांडवाच्या मधोमध वरपक्षाची मंडळी पुण्याहून आणलेल्या साध्या लाकडी खुर्च्यांवर बसली होती. एकाही खुर्चीला हात नव्हते. मला गहिवरून आलं, आणि लगेच भीतीही वाटली. कारण तात्यांचा चेहरा पाहिला.

मला बाजूला ओढून ते म्हणाले, "गावभर खुर्च्या हुडकत फिरतोयस, कळलंय मला. इथं मागू नकोस, बाबा. सकाळच्या टायमाला त्यांच्या पाव्हण्यांना चहा उशिरा मिळाला. तवापासनं वरबाप बोलंना झालाय. आता खुर्चीला हात लावलास तर जेवल्याबिगर उठत्याल अन् माझी पोर जन्मभर टोमणे खाईल."

त्यांचं खरं होतं. वरपक्षाला खुर्ची आणि आपल्या माणसांना जाजम, हा त्या दिवशीचा मान होता, आणि तो परत मागणं म्हणजे मुलीच्या संसारात खडा टाकणं. माझ्या नोकरीसाठी मी ते करणार नव्हतो. मी तात्यांना म्हणालो, "चुकलो. राहू द्या." आणि जायला वळलो.

"ओ, साहेब," मागून हाक आली. पहिल्या खुर्चीवरचे म्हातारे, जाड मिशांचे, तेच वरबाप. सकाळपासून हा त्यांचा पहिला शब्द असावा, कारण सगळा मांडव वळून पाहायला लागला. "खुर्च्यांकडं बघून डोळ्यांत पानी आलेला मानूस आज पैल्यांदा बघतोय. काय पायजे तुमाला?"

तात्या मध्ये पडायला लागले. "काही न्हाई, पाव्हणं, पोरगं आपलंच हाय, जरा येडं हाय."

"त्याला बोलू द्या."

मी सांगितलं. जे घडलं ते, जसं घडलं तसं. वादक मुंबईहून आले आहेत, काही तर समुद्रापलीकडून. त्यांना वाजवायला कोपर मोकळा लागतो. मी शब्द दिला होता आणि तो आता मोडणार आहे. हे मी मागणं म्हणून सांगत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "ती मानसं आता कुठं हाइत?"

"कारखान्यात. उभ्यानेच सराव करताहेत."

"जेवली का?"

"जेवली."

"पन उभी हाइत." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. तात्यांकडे पाहिलं, आपल्या मंडळींकडे पाहिलं. "आपल्याला च्या उशिरा मिळाला तर आपन सकाळधरनं तोंड फुगवून बसलोय. अन् तिथं गावावर आलेलं पाव्हणं उभं हाय." आणि ते उठले. स्वतःची खुर्ची स्वतः उचलून माझ्या हातात दिली आणि जाजमावर, तात्यांच्या शेजारी, मांडी घालून बसले. "उठा रं समदे. जेवायला तर भुईलाच बसायचंय."

एकेक जण उठला. कुणी हसत, कुणी जरा नाखुशीने. नवरामुलगाही मुंडावळ्या सावरत उठला, तेव्हा त्याच्या मामाने त्याला दाबून बसवलं आणि म्हणाला, "तू बस की राव, तुझी एक र्‍हाऊ दे." मांडव हसला. तात्या हसता हसता डोळे पुसत होते, आणि वरबाप त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "व्याही, वाढा आता. भूक लागली." रुसवा गेला होता. मी मागायला गेलो नसतो तर तो कसा गेला असता, मला ठाऊक नाही. मदत मला मिळाली असं मी समजत होतो, पण त्या मांडवात आपल्याच रुसव्यात माझ्याइतकाच अडकलेला आणखी एक माणूस होता.

खुर्च्या वरातीच्या बैलगाड्यांत भरल्या. दिघीची वाट पिंपरीवरूनच जाते. चार वाजायच्या आत गाड्या शेडपुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि पंगत उरकल्यावर मागाहून वाजंत्री, वऱ्हाड, नवरानवरी. मॅनेजर दारात आले. त्यांनी बैलांकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं आणि मला एवढंच म्हणाले, "मांड." मी मांडल्या. काहींच्या फटींत पिवळ्या अक्षता अडकलेल्या होत्या. व्हायोलिन वाजवणाऱ्या एका बाईंनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, आशीर्वाद आहे. त्यांनी ते दाणे झटकले नाहीत, सावकाश वेचले आणि वाद्याच्या पेटीत ठेवले.

वऱ्हाड पुढे गेलं नाही. वरबाप म्हणाले, ज्यासाठी उठलो ते ऐकून जाऊ. फरशीवर कामगार, आमची आळी, वऱ्हाडी, सगळे दाटीने बसले. माझे वडील पहिल्या ओळीत, फेटा बांधून. मी नेहमीप्रमाणे पडद्याआड उभा होतो. त्या संगीतातलं मलाही फार कळतं असं नाही, पण त्या दिवशी मधला संथ भाग सुरू झाला आणि तीस-पस्तीस गज एकाच वेळी, कुठेही न अडता, वर गेले आणि खाली आले, तेव्हा मी तिथेच खाली बसलो. आपण जे सांभाळतो असं म्हणतो, ते खरं तर कुणीतरी आपल्यासाठी आधीच सांभाळलेलं असतं. आपण फक्त शेवटी हात लावतो. हे मला कुणी शिकवलं नाही, त्या मोकळ्या कोपरांकडे पाहून समजलं.

वाजवणं संपलं. साहेबलोकांच्या टाळ्या सुरू होणार, तोच वरबापांनी बसल्या जागी दोन्ही हात जोडले. आमच्याकडे भजन संपल्यावर टाळ्या वाजवत नाहीत. त्यांचं पाहून वऱ्हाडाने जोडले, आळीने जोडले, माझ्या वडिलांनी जोडले. टाळीसाठी उचललेले हातही थबकले. त्या एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकही टाळी वाजली नाही. संचालक गोंधळले. जगभर टाळ्या घेतलेला माणूस, पण हे त्यांना कधी मिळालं नव्हतं. मग त्यांनी हातातली काठी काखेत धरली, मान लववली आणि त्या सगळ्यांना उलट हात जोडले. त्यांच्या मागे, आमच्या लग्नातल्या खुर्च्यांवरून, एकेक करत वादकही उठून उभे राहिले.