टोपीचा भाव मीच करणार!

परदेशातून आणलेल्या वस्तू वाटून संपतात, किस्से काही संपत नाहीत. उलट ज्या घरी जावं तिथं एखादा जास्तीचाच निघतो. आम्ही सिडकोतल्या भिशीच्या बायका बँकॉकला जाऊन आलो त्याला वर्ष होत आलं, तरी दर भिशीला चहाबरोबर मलाच घेतात! वर तिखटमीठ लावतात ते वेगळंच. म्हणून म्हटलं, आपली फजिती आपणच लिहून काढावी. मी चौथी पास. मराठी वाचायला शिकले किराण्याच्या पुड्यांवर, इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवर. कुणाला चुका काढायच्या असतील तर आधी एवढ्या पुड्या वाचून या!

*

खरेदीच्या दिवशी सकाळी मी बसमध्येच उभी राहिले. "बायांनो, आज दुकानदाराशी कुणी बोलायचं नाय. गुलमंडीवर भाव करण्यात माझा जन्म गेला. इथं पण भाव मीच करणार!"

टाळ्या पडल्या. शेजारच्या सीटवरच्या कमलवहिनी हळूच म्हणाल्या, "अक्का, मला एकच वस्तू घ्यायचीय. टोपी. मोठ्या काठाची, फूल लावलेली. दुपारी बोटीत घालून फोटो काढीन म्हणते."

साठी उलटलेली बाई. सासू गेली तरी डोक्यावरचा पदर खाली आला नाही. आणि आता टोपी! मला लई कौतुक वाटलं. छातीवर हात ठेवून सांगितलं, "वहिनी, टोपी माझ्याकडं लागली."

मागून आमचा टूर मॅनेजर म्हणाला, "मावशी, बोट चारला सुटते. कुणासाठी थांबत नाही."

"चारपर्यंत मी अख्खा बाजार घेऊन येते!"

*

आधी देऊळ. सोन्यानं मढवलेले, आडवे पहुडलेले बुद्ध. एका टोकाला चेहरा, तर पाय पार त्या टोकाला. आमच्या भिशीतल्या सुजाताबाई, रिटायर्ड शिक्षिका, हात जोडून मनातल्या मनात वंदना म्हणत उभ्या राहिल्या. आणि मी? मी तिथल्या गाइडला माझ्या हिंदीत ऐकवत होते, "ये तो कुछ भी नहीं! हमारे अजिंठा में पूरा पहाड़ कोरके ऐसेच बुद्ध बनाए हैं!"

गाइड भला माणूस. खरंच उत्सुकतेनं त्यानं विचारलं, "अच्छा? उनकी आँखें खुली हैं या बंद?"

झालं! आली का पंचाईत! कारण पाहुणे आले की त्यांना अजिंठ्याची गाडी करून द्यायची आणि आपण घरी पुरण वाटत बसायचं, यात माझी हयात गेली. मी अजिंठ्याला कधी गेलेच नाय!

वंदना संपवून सुजाताबाई वळल्या. गाइडला म्हणाल्या, "बुद्ध की बंद हैं." मग मला हळूच, "तुमची उघडायची राहिलीत, अक्का."

*

बाजारात गेलो तर दुकानं नुकती उघडत होती. एका दुकानदारणीनं पहिल्या गिऱ्हाइकाची नोट घेतली आणि सगळ्या मालावर टेकवली. मी ओरडलेच, "अगं बाई, बोहनी! इथं पण बोहनी!"

आता मी कुणाला ऐकते? माणूस कुठल्याही मुलखातला असो, सकाळचं पहिलं गिऱ्हाईक मोडत नाही. कमलवहिनींना धरून टोप्यांच्या दुकानात नेलं. तिथं अजून बोहनी व्हायची होती. वहिनींच्या हातात टोपी दिली आणि मी सांगितल्या भावाच्या पाव भाव बोलले. बाई हसली. उतरली. अजून उतरली. मी अडून बसले.

"घेऊ का आता?" वहिनी म्हणाल्या.

"थांबा हो! ही आपल्याला रिकाम्या हातानं सोडतच नाय."

तेवढ्यात एक गोरा आला आणि दुसरी टोपी सांगितल्या भावाला घेऊन चालता झाला. बाईनं त्याची नोट सगळ्या टोप्यांवर फिरवली. वहिनींच्या हातातल्या टोपीवरसुद्धा! मग तीच टोपी त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली आणि खुंटीला अडकवली.

"चला," मी म्हटलं. "माल हलका होता."

*

पुढच्या दुकानात पर्सही होत्या आणि टोप्याही. तिथली बाई बोलायचीच नाही, कॅल्क्युलेटर पुढं करायची. ती आकडा दाबणार, आपण आकडा दाबायचा. मी म्हटलं, आधी माझ्या पर्सवर हात साफ करू, मग टोपीकडं वळू. मी तीनशे दाबले. तिनं ताबडतोब पर्स पिशवीत भरली!

मी विजयी चेहऱ्यानं वळले. सुजाताबाई म्हणाल्या, "अक्का, हे रुपये नाहीत, इथले बाट आहेत. आपले आठ-नऊशे गेले."

पाट्या वाचल्या सगळ्या, पण पैसा कुठला चाललाय तेच वाचलं नाही! अशी पेटले मी. वहिनी म्हणाल्या, "अक्का, टोपी..."

"ह्या चोरांकडनं? नाय! ये सब चोर हैं!"

इतका वेळ मुकी राहिलेली ती बाई गोड हसली. "चोर नहीं, आंटी. प्राइस तो तुमने लिखा!"

*

शेवटी बोटीचा धक्का. तिथं टोप्यांचं एकच दुकान, आणि बोट सुटायला आलेली. कमलवहिनींनी पिवळ्या फुलाची टोपी उचलली आणि माझ्याकडं बघितलं.

दुकानात एक म्हातारी होती, माझ्याच वयाची. मी भाव बोलले. तिनं मान हलवली. मी चढले. तिनं पुन्हा मान हलवली. मग मी ठेवणीतलं काढलं. "नाय तर नाय!" म्हणून फिरले आणि चालू लागले. चार पावलं गेलं की मागून हाक येतेच. गुलमंडीवर तर दोनच पावलांत येते.

मी चालले. हाक नाही. सावकाश चालले. थांबून चपलेचा पट्टा नीट केला, नीट होता तरी. कान मागं. हाक नाही. धक्का संपला, पण मागं वळून बघेन तर मी कसली!

हाक आली ती टूर मॅनेजरची. "मावशीऽऽ! बोट!"

पळाले. धापा टाकत बोटीत शिरले. वहिनींची समजूत कशी घालायची याची वाक्यं तोंडात तयार होती.

कमलवहिनी पुढच्या बाकावर बसल्या होत्या. पदर खांद्यावर. डोक्यावर पिवळ्या फुलाची टोपी. दुकानातली म्हातारी बोटीत येऊन त्यांच्या हनुवटीखाली रिबन बांधत होती, आणि दोघी हसत होत्या.

"वहिनी! कितीला दिली?"

कमलवहिनींनी टोपीचा काठ जरा वर केला.

"विचारलं नाय. तुम्ही सरका बरं अक्का, फोटोत येताय."