मार्चमधली भातलावणी

"सर, मार्चमध्ये भातलावणी?"

माझ्या जुन्या हजेरीपटावर बोट ठेवून तिनं विचारलं. ती मानसशास्त्रात संशोधन करते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी गावांतली मुलं शाळेत यायची का थांबतात, त्यांना कसली भीती वाटते, हा तिचा विषय. निवृत्त मुख्याध्यापक म्हणून तिनं मला शाळेत बोलावलं होतं. पटावरचं अक्षर माझंच होतं. आठवीतल्या एका मुलीपुढे महिनाभर गैरहजेरी आणि शेऱ्यात 'भातलावणीस गेली'.

"लिहिताना चुकलं असेल," मी हसून म्हणालो. तिनं पान उलटलं. घोडेगावच्या एसटीत बसल्यावर ते माझंच हसणं मला सोसवेना. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि तिला खरं सांगितलं. तेच इथे लिहितो.

त्या वर्षी जुलैत, लावणीच्या दिवसांत, ती मुलगी वरच्या वाडीतून चालत फाटकापर्यंत यायची. घंटा झाली की पोट धरून उभी राहायची आणि मागे फिरायची. आई एकदा भेटायला आली.

"गुर्जी, घंटा झाली की लई पोट दुखतं तिचं. घरी आली की थांबतं. डाक्टर म्हनला, काय न्हाई."

"मग नाटकं आहेत."

"नाटकं करनारं पोर साळंसाठी पाटंला उठून येनीफनी करतंय व्हय?"

मी तासाला निघून गेलो. पुढच्या आठवड्यात मुलगी कशीबशी वर्गात येऊन बसली. मी भर वर्गात म्हणालो, "काय बाई, झाला का भात लावून?" पोरं खूप हसली. ती त्यानंतर वर्गात आली नाही. फाटकापर्यंत मात्र येत राहिली. शेऱ्यात भातलावणी लिहिलं की वरून कुणी विचारत नसे, म्हणून मी तेच लिहीत गेलो, पार मार्चपर्यंत. जूनमध्ये तिचं नाव पटावरून कमी केलं. तेही मीच.

संशोधिकेनं ते टिपून घेतलं. मग म्हणाली, "अशा मुलांना शाळेत यायचं असतं, सर. येववत नाही. ती किती दिवस फाटकापर्यंत येत होती?"

 मी फाटकाकडे बघायचंच सोडलं होतं.

शेरा खोडायला मी खिशातलं पेन काढलं, तर तिनं पट अलगद बाजूला घेतला. "हे असंच राहू द्या. खरं वेगळ्या कागदावर लिहा." मी लिहिलं, 'विद्यार्थिनी फाटकापर्यंत येत होती. आत घेण्याचं काम माझं होतं.' खाली सही केली.

वाडीत चौकशी केली. ते घर आळेफाट्याकडे गेलं, एवढंच कळलं. आता ती पस्तिशीची असेल. आळेफाट्याची गाडी घोडेगावच्या स्टँडवर लागली की मी उतरणाऱ्या बायकांकडे बघत बसतो. एकदा तिनं समोर यावं, मला काहीही बोलावं, असं फार वाटतं. पण ती आली तरी मी ओळखणार कशी? तिचा चेहरा मला आठवत नाही. दोन वेण्या आणि लाल रिबिनी आठवतात. मला ती दिसायची ती परत जाताना.