ग्लासगोची उलटी फेरी

"आखाडा बाळापूरला चहाला थांबलोय. तासाभरात हिंगोलीत पोचतो," मॅडम फोनवर म्हणाल्या.

"या, या! रेल्वे तुमचीच वाट बघून राहिली," मी म्हणालो. फोन खिशात टाकला, ऐटीत वळलो आणि मॉडेलकडे पाहून माझा चेहरा पडला. दोन्ही गाड्या एकाच दिशेने फिरत होत्या.

आमचा धंदा गणपतीच्या हलत्या देखाव्यांचा. हत्तीची सोंड, कृष्णाचा झोका, द्रोणागिरी घेऊन उडणारा हनुमान, सगळं एका मोटरवर आणि दोरीवर. पण गणपती उठले की वर्कशॉप झोपतं. अशात पुण्याच्या एका मुलांच्या विज्ञान केंद्राची ऑर्डर आली: स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या भुयारी रेल्वेचं चालतं मॉडेल, अगदी सुरुवातीच्या काळातलं. मॅडम तिथल्या प्रमुख, त्या तपासायला येत होत्या. मॉडेल पास झालं तर वर्षभर पुरेल एवढं मॉडेल्सचं काम मिळणार होतं. नापास झालं तर माझा मेहुणा बळीराम सोमवारच्या बसने पुण्याच्या कारखान्यात जाणार होता. त्याची भरलेली बॅग खिळ्याला टांगलेलीच होती. बायको-पोरं गोरेगावला, मुंबईच्या नव्हे, आमच्या हिंगोलीजवळच्या. बॅगेकडे बघायचं त्याने आणि मी दोघांनी टाळलं होतं.

ही रेल्वे आहे मोठी मजेशीर. चिमुकली. अरुंद रूळ, बुटके डबे, पंधरा स्टेशनं आणि सगळा मार्ग म्हणजे नदीखालून जाणारं एकच वर्तुळ. सव्वाशे वर्षांपूर्वी ती चालायची कशावर? दोरावर! वर एका ठिकाणी वाफेचं इंजिन. ते तारेचा जाड दोर भुयारातून सतत ओढायचं. डब्याखालच्या चिमट्याने दोर पकडला की गाडी निघाली, सोडला की ब्रेक लावून थांबली. हे ऐकून बळीराम मांडीवर थाप मारून म्हणाला होता, "दाजी, हे तर आपलंच काम! गोऱ्या सायबानं देखावाच केला की!" पुढे वीज आली आणि दोर गेला. वर्तुळ मात्र तेवढंच राहिलं.

त्या वर्तुळाला दोन रूळमार्ग. बाहेरच्यावरची गाडी घड्याळाच्या काट्याप्रमाणे जाते, आतल्यावरची उलटी. ड्रॉइंगवर हे लाल बाणांनी दाखवलेलं होतं. आतली गाडी बळीरामने त्याच सकाळी बसवली होती.

"बळीराम, बाण दिसला न्हाई का?"

"दिसला की."

"मग?"

"मग काय? उलटी प्रदक्षिणा कोण घालतं, दाजी? पहिलंच बाहेरचं काम, अन् उलट्या फेरीनं सुरू करायचं? मी दुरुस्त केलं."

"दुरुस्त? अरे, ग्लासगो दुरुस्त केलं तू!"

"तुमी काही म्हणा. हे अशुभ काम माझ्या हातून होनार न्हाई."

तो हाताची घडी घालून बॅगेखाली उभा राहिला. ओरडून उपयोग नव्हता. बळीराम चिडला की गप्प बसतो आणि गप्प बसला की त्याचा बैल होतो. मी स्टूल ओढलं, बसलो, आवाज कीर्तनकारासारखा खाली आणला.

"बळीराम, औंढ्याला जातो न तू?"

"दर सोमवारी."

"नागनाथाची प्रदक्षिणा कशी घालतो?"

"गोमुखापर्यंत जायचं. ते ओलांडायचं न्हाई. तिथून मागं फिरायचं."

"मागं फिरतो तवा कोन्या बाजूनं येतो?"

त्याने हवेत बोट फिरवलं. मग परत फिरवलं. बोट थांबलं.

"उलटं," तो हळूच म्हणाला.

"महादेवालाबी एक फेरी जायची अन् एक यायची. बाहेरची गाडी जायची, आतली यायची. एखाद्याचं स्टेशन हुकलं, तर त्यानं घरी यायला पुरं वर्तुळ फिरावं काय?"

"हे आधी सांगायचं न, दाजी! काहून उगाच अर्धा तास घालवला?"

म्हणजे चूक माझीच! असो.

दिशा बदलणं सोपं होतं. पिठाच्या गिरणीत पट्ट्याला एक पीळ दिला की चाक उलटं फिरतं. तसाच पीळ बळीरामने मोटरवरून आतल्या गाडीकडे जाणाऱ्या दोरीला दिला. पण चिमटे एकाच दिशेने पकडणारे. आतल्या गाडीचे डबे काढून फिरवून ठेवायला हवे होते. आणि भुयारावर आम्ही प्लास्टरचं अख्खं शहर चढवलेलं! उघडी जागा एकच, मॉडेलमधल्या रेल्वे-कारखान्याजवळचा चौकोनी खड्डा. बळीरामने उडता हनुमान टांगायचा जुना हुक आणला, दोरीला बांधला, खड्ड्यात सोडला आणि डबा अलगद वर काढला. तो फिरवून पुन्हा सोडला. शेवटचा डबा हवेत लोंबकळत असताना दारात चपला वाजल्या.

मी डोळे मिटले.

"अरे वा!" मॅडमचा आवाज. "तुम्ही क्रेनसुद्धा दाखवलीत?"

मी एक डोळा उघडला.

"त्या भुयारात सांधे नव्हते ना," त्या सोबतच्या इंजिनिअरला सांगू लागल्या. सांधे म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी. "म्हणून डबे दुरुस्तीला न्यायचे तर खड्ड्यातून क्रेनने वर उचलावे लागत. हे ड्रॉइंगमध्ये द्यायला मीच विसरले होते."

"आमी म्हनलं, दाखवूनच टाकावं," बळीराम गंभीरपणे म्हणाला. माझ्यापेक्षा मोठा नट घरातच होता, हे मला त्या दिवशी कळलं.

बटण दाबलं. एक गाडी जायची, एक यायची. मॅडमनी विचारलं, "मुलांना या दोन दिशा कशा समजावाल?" बळीरामने नागनाथापासून सुरुवात केली. त्या हसल्या नाहीत. दोनदा सांगायला लावलं. आज केंद्रातल्या फलकावर तेच शब्द आहेत: बाहेरची जायची, आतली यायची.

मॉडेल पास झालं. त्या बाईंचे, नागनाथाचे आणि हनुमानाच्या हुकाचे उपकार मी विसरलेलो नाही. एक धडाही घेतला. कारागिराला ड्रॉइंग समजलं का, एवढंच विचारून भागत नाही. पटलं का, हेही विचारावं.

आणि ती बॅग? सोमवारी ती पुण्याला गेलीच. मॉडेल बसवायला बळीरामच जाणार ना! आठवड्याने तो गोरेगावला पोरांसाठी खाऊ घेऊन उतरला आणि तिथूनच मला फोन केला.

"दाजी, यायच्या फेरीनं आलो."