गडचिरोलीत फिरायला माणसं लागतात

निवृत्तीनंतर राहायला विद्यापीठाचं गाव शोधून येतो, अशी गर्जना मी ठाण्यातल्या अख्ख्या सोसायटीत केली होती. घरातून पायी पुस्तकांच्या दुकानात, तिथून कॉफीला आणि कॉफी संपताच जंगलात! आमची सुलभा म्हणाली, "तीन दिवस देते. नाही सापडलं तर नाशिकला, माझ्या भावाच्या शेजारी. सतरावा मजला." उरलेलं आयुष्य मेहुण्याच्या शेजारी! या धास्तीने माणूस चंद्रावरही गाव शोधेल.

चंद्रपूरला उतरलो तेव्हा ऊन असं, की माझी सावली फलाटावरच्या बाकाखाली जाऊन बसली आणि हाका मारूनही बाहेर येईना. तिथे पायी फिरायचा विषयच सुलभाने काढू दिला नाही. मूल गावावरून जाणारी एसटी पकडली, वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोलीत आलो. विद्यापीठ आहे म्हणजे पुस्तकं असणारच, हा माझा भाबडा अंदाज.

दुकान सापडलं. आढ्यापर्यंत पुस्तकं! पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक भरती. मालकाला विचारलं, "कादंबरी आहे?"

"कोन्त्या परीक्षेले हाय जी ते?"

"कोणत्याच नाही."

"मंग वाचून का (काय) करता?"

कादंबरीबद्दल असा बिनतोड सवाल आजवर एकाही समीक्षकाने केलेला नाही. मी हात जोडून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी 'कॅफे' अशी पाटी दिसली. आत प्लास्टिकच्या वेली, बदामाच्या आकाराचे फुगे आणि पडदे लावलेले कप्पे. आम्ही दोन पांढऱ्या डोक्यांनी आत पाऊल टाकलं मात्र, तीन जोडपी तोंडं झाकून मागच्या दाराने पसार झाली. त्यांना वाटलं, कुणाचे तरी आईबाप आले. कॉफी आली ती साखरेचा पाक होती. चमचा त्यात सरळ उभा राहिला. त्यापेक्षा नाक्यावरचे तर्री-पोहे (हरभऱ्याच्या जाळ रश्शातले पोहे) बरे. कान तेवढे दुपारपर्यंत धुमसत होते.

"एक दिवस उरला. मग सतरावा मजला," सुलभा बोटांवर मोजून म्हणाली.

तिसऱ्या सकाळी उरलं जंगल. गावाच्या टोकाला रस्ता झाडीत शिरतो, तिथे शेवटची टपरी. तिथे पाच-सहा जण नुसतेच उभे. रिकामटेकडे कुठले, असं म्हणत मी पुढे निघालो. टोपली घेतलेली एक बाई ओरडली, "ओ भाऊ! कुठी चालले एकटे? थांबा ना जी, अजून चारजन येऊन राह्यले."

"मला सोबत लागत नाही."

"तुमाले नाई लागत जी, वाघाले दिसाले लागते!"

सगळी टपरी हसली. रीत अशी, की झाडीत एकट्याने शिरायचं नाही. दहाएक जण जमेपर्यंत थांबायचं आणि मग मोठमोठ्याने बोलत निघायचं. मी हसून चाळीस पावलं पुढे गेलो. पाचोळा खसखसला. मी इतक्या वेगाने परतलो, की चपला माझ्यामागून चालत आल्या. ती रानकोंबडी होती. ठाण्यात मी ती अकरा फुटांची सांगतो.

दहा जण जमले, निघालो. टोपलीवाली रुखमाबाई सुलभाला म्हणाली, "बोला ना बाई, चूप नोका राहू. का करत होत्या तुमी?"

"भूगोल शिकवत होते."

"मंग शिकवा ना आमाले. जोऱ्यानं!"

माझ्यासमोर चार शब्दांत काम भागवणारी माझी बायको दोन किलोमीटर मॉन्सूनवर गरजत गेली, येताना ज्वालामुखीवर. माणसं शंका विचारत होती. मला एक वाक्य बोलू दिलं नाही. परत टपरीवर आल्यावर रुखमाबाई म्हणाली, "उद्या येसान ना बाई? आमी थांबून राहू."

परतीच्या एसटीत सुलभा म्हणाली, "नाशिक नको. इथेच घर बघा."

"अगं, पुस्तक नाही, कॉफी नाही, आणि रस्त्यावर वाघ!"

"ठाण्यात तीस वर्षं रोज फिरायला जाते. माझ्यासाठी कोण थांबलंय? तुम्हीसुद्धा नाही."

मी कंडक्टरला गडचिरोलीतली घरभाडी विचारली. तीही एकही थाप न मारता, आयुष्यात पहिल्यांदाच.

आता सोसायटीत रोज विचारतात, कसं आहे गाव? मी सांगतो, भिकार! कॉफी पिण्यापेक्षा औषध बरं. पुढच्या महिन्यात सामान हलवतोय. नावं तिथे जाऊनही ठेवीन म्हणतो, रोज सकाळी, मोठ्याने. सुलभाने मध्ये बोलू दिलं तर.